बर्फाच्या कारखान्यावरचा तारा

बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याचा लोखंडी जिना एका वेळी एखाद-दुसऱ्या माणसाला जेमतेम पेलायचा. त्या संध्याकाळी मात्र अर्धं गाव त्याला लटकलं होतं. कुणाच्या बगलेत एक्स-रेचं पाकीट, कुणाच्या हातात औषधांची पिशवी, कुणी सासऱ्याला पाठुंगळी घेतलेलं. सगळ्यांच्या माना दक्षिणेकडे वळलेल्या. तिकडे बंदराचे दिवे होते आणि त्या दिव्यांच्या वर, हातभर अंतरावर, एक ठसठशीत पिवळसर तारा.

नुसत्या डोळ्यांना एक. गच्चीवरच्या पितळी नळीला डोळा लावला की दोन!

"अगं बाई, खरंच दोन आहेत!" नळीवरून उठलेली बाई छातीवर हात ठेवून म्हणायची, आणि तिच्यामागच्या रांगेतून एक उसासा जिन्यावरून थेट रस्त्यापर्यंत उतरायचा.

नळीशी एक चेला, शेजारी खुर्चीवर बाबा. पांढऱ्या चादरीत गुंडाळलेला, गुबगुबीत, आवाज असा की ऐकणाऱ्याला पेंग यावी. गावात त्याला ज्योतबाबा म्हणत.

"काय दिसलं, बाळा?"

"दोन तारे, बाबा."

"मोठा पिवळा दिसला? तो तू. शेजारी लहान, तांबूस? तो तुझा रोग. प्रत्येक देहाची वर एक ज्योत असते. देहात रोग शिरला की तो ज्योतीला जाऊन चिकटतो. डॉक्टरचं मशीन देहाचा फोटो काढतं, बाळा. ही नळी ज्योतीचा काढते. एनर्जी आहे सगळी! व्हायब्रेशन! एक चंद्र सरेपर्यंत मी सांगतो ते पाणी घे, बाहेरचं औषध बंद. मग पुन्हा ये. तांबडा सुटलेला असेल."

रांगेतल्या कुणीतरी भीत भीत विचारलं, "पण बाबा, सगळ्यांचा तोच तारा कसा?"

"आरसा एकच असतो, बाळा. तोंडं वेगळी असतात."

"वा!" गर्दी म्हणाली. काहींनी डोळे पुसले.

रांगेत ताईची पर्स धरून उभ्या असलेल्या धाकटीच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. ती मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. वर्गातल्या मुलींसमोर तिचा आवाज कधी चढत नसे, पण ताईसमोर तो आपोआप चढे. ताई तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर धाकटीच्या वेण्या हिनेच घातलेल्या. बाजारात शिवणकामाचं दुकान, मापाची पट्टी कायम गळ्यात, आणि सध्या डाव्या स्तनात एक गाठ. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून स्पष्ट सांगितलं होतं, ऑपरेशन करा, आणि लवकर करा. ताईने मान डोलावली होती आणि त्याच आठवड्यात या जिन्याची पायरी चढली होती.

ताईने नळीला डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. उठली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"दिसली," ती पुटपुटली. "माझी गाठ दिसली."

मग धाकटीनेही पाहिलं. एक पिवळा, त्याला लगटून एक तांबूस. खोटं काहीच नव्हतं, आणि तिथेच सगळी पंचाईत होती.

"अगं, तो जोडतारा आहे!" घरी जाताना वाटभर ती ताईला सांगत राहिली. "मित्र म्हणतात त्याला आपल्या भाषेत. मुळातच दोन सूर्य आहेत ते. एकमेकांभोवती फिरतात, एका फेरीला ऐंशी वर्षं लागतात. लांबून एक दिसतात, एवढंच. कोणत्याही बऱ्या दुर्बिणीतून दोन दिसतील. मला दिसले, तुला दिसले, उद्या मांजराला बसवलंस तर त्यालाही दिसतील. मांजराला कुठली गाठ?"

"म्हणजे दोन आहेत हे तुला मान्य आहे."

"हो, पण..."

"मग बाबा खोटं काय बोलले?"

आता बोला! जगात खोट्याशी भांडणं एक वेळ सोपं. खऱ्याच्या खांद्यावर बसून आलेल्या खोट्याशी भांडताना माणूस स्वतःच्याच तोंडाने समोरच्याची साक्ष देऊन बसतो.

त्यानंतरचे दिवस धाकटीने दुकानात वाद घालण्यात घालवले. शाळा सुटली की ती थेट तिथे यायची. कापडाच्या ढिगावर बसायची आणि सुरू व्हायची.

"ताई, त्या ताऱ्याचा उजेड इथवर यायला चार वर्षांहून जास्त लागतात. तू पाहिलास तो उजेड तिथून निघाला तेव्हा तुझी गाठ नव्हतीच. मग ती त्याच्यात दिसेल कशी?"

मशीनचा खडखडाट थांबायचा. "बाबा म्हणतात, ज्योतीला अंतर नसतं."

"आणि तिथे तिसराही तारा आहे! लहानसा, लाल, बाबाच्या नळीतून न दिसणारा. तो कुणाचा रोग? बाबाला तर त्याचा पत्ताच नाही!"

"तू ना, सगळं पुस्तकातलं बोलतेस. जरा ती कात्री दे."

भावोजींना पकडलं तर ते म्हणायचे, "तिला बरं वाटतंय ना? मग राहू दे की थोडे दिवस." थोडे दिवस! गाठ काय भाड्याने आली होती, थोडे दिवस थांबून जायला? डॉक्टरीणबाईंनी दिलेली तारीख येऊन गेली. दुसरी घेतली. तीही जवळ आली. आणि ताई काय करत होती? गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला ठेवून बाबासाठी पांढऱ्या पट्ट्या शिवत होती. फुकट! ज्यांचा चंद्र सरला त्यांच्या मनगटाला ही पट्टी बांधत. पट्टी असलेल्यांची रांग वेगळी, आणि ती नव्या माणसांची रांग पूर्ण संपल्यावरच सोडत. बाबाचा तसा कडक नियम होता. रोगी ज्योत आणि निरोगी ज्योत एका वेळी नळीजवळ आली तर म्हणे संसर्ग होतो.

मग एके दिवशी धाकटी दुकानात शिरली तर ताई गुणगुणत होती.

"एकच दिसला!" तिने मनगटावरची पट्टी नाचवली. "काल गेले होते. एकच तारा, स्वच्छ, गोल. तांबडा गेला. त्या तारखेचं डॉक्टरीणबाईंना कळवून टाक, म्हणावं नको आता."

धाकटी ढिगावर बसली आणि समोरची रिळं उचलून लावत राहिली. दोन सूर्य होते ते होतेच. कालच्या काल त्यातला एक नाहीसा कसा होईल?

"हात लावून पाहिलंस? गाठ गेली?"

ताईने मनगटावरची पट्टी सारखी केली. "ती जाईल हळूहळू. आधी ज्योत सुटते, मग देह." मग पुन्हा उजळून म्हणाली, "आणि किती शांत होता गं! पहिल्या वेळी नुसता थरथरत होता. डोळा लावला की सरकत सरकत काठाला जायचा. त्या चेल्याला दर थोड्या वेळाने नळी हलवावी लागत होती, आठवतं? काल चेला हाताची घडी घालून बसला होता. तारा जागचा हलला नाही. बाजूला केवढं आभाळ, बारीक बारीक तारेही दिसत होते. लहान दिसत होता, पण शांत. माझी तगमग गेली त्याचंच लक्षण ते."

धाकटीने हातातली रिळं खाली ठेवली.

"परत सांग. लहान दिसला? आणि बाजूला जास्त आभाळ?"

"हो. का?"

"आणि सरकत नव्हता."

"नाही म्हटलं ना! काय झालं तुला?"

झालं एवढंच होतं की धाकटीला चोर सापडला होता. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात. दुर्बिणीतून जेवढं मोठं करून बघावं तेवढं ते सरकणं मोठं, तेवढी थरथर मोठी, आणि नजरेत मावणारं आभाळ तेवढं कमी. कमी मोठं करून बघितलं की तारा लहान, शांत, आजूबाजूला ऐसपैस आभाळ. आणि अगदीच कमी मोठं केलं तर ते दोघे वेगळे दिसणारच नाहीत, मिळून एक ठिपका! दुर्बिणीला डोळ्याकडच्या टोकाला एक लहान काच असते. ती फिरवून काढता येते, तिच्या जागी दुसरी बसवता येते. नव्या रोग्यांना जास्त मोठं करणारी काच, पट्टीवाल्यांना कमी मोठं करणारी. म्हणून दोन रांगा. म्हणून संसर्गाची भीती.

तिने हे सगळं ताईला तिथल्या तिथे सांगितलं. ताईने शांतपणे ऐकून घेतलं.

"तू पाहिलंस काच बदलताना?"

"नाही, पण..."

"मग झालं तर."

धाकटीने कपाळावर हात मारून घेतला. मग उठली, आणि जाता जाता शिवलेल्या पट्ट्यांमधली एक उचलून खिशात घातली.

त्या संध्याकाळी ती नव्या माणसांच्या रांगेत मुद्दाम गप्पा मारत फिरली. जिन्याच्या तोंडाशी एक ट्रकवाला भेटला. रुंद खांदे, आवाज भसाडा, आणि बरगड्या हलवणारा खोकला. नुकताच नळीला डोळा लावून आला होता.

"दोन आहेत हो, बाई," तो हिरमुसून म्हणाला. "औषध बंद करायला सांगितलंय. डॉक्टर तर म्हणत होता, गोळ्या एक दिवस चुकवल्या तरी महागात पडेल."

"दादा, एक काम करा. ही पट्टी बांधा आणि दुसऱ्या रांगेत पुन्हा बघा."

"बाबा चिडतील."

"चिडले तर माझ्यावर ढकला. तुम्ही एवढा मोठा ट्रक चालवता आणि एका चादरीला घाबरता?"

ट्रकवाला खोकत खोकत हसला आणि मनगट पुढे केलं.

नवी माणसं संपली. चेल्याने नळीभोवती पडदा ओढला. "नळीचा श्वास शुद्ध होतोय," बाबा डोळे मिटून म्हणाला. पडदा उघडला. पट्टीवाल्यांची रांग सरकू लागली. रांगेच्या तोंडाशी पट्ट्या तपासायला होती ताई. ट्रकवाला समोर आला तेव्हा तिने त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस मघाशी नव्यांच्या रांगेत होता हे तिने पाहिलेलं होतं. तिची नजर त्याच्या मनगटावर गेली, आपल्या हातची शिलाई तिने ओळखली, आणि मग गर्दीतून तिने धाकटीला शोधून काढलं.

ताईने एक हाक मारली असती तर सगळं तिथेच संपलं असतं.

ताई बाजूला झाली. "जा," ती ट्रकवाल्याला म्हणाली.

ट्रकवाल्याने डोळा लावला आणि पुढच्या क्षणी असा ओरडला की खाली रस्त्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं.

"एकच! बाबा, मी बरा झालो! मघाशी दोन होते, आता एकच!" आणि या आनंदात त्याला असा खोकला लागला की तो वाकून नळीच्या स्टँडला धरून उभा राहिला.

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. बाबाने डोळे उघडले. "मघाशी? म्हणजे तू आजच..."

"हो बाबा! एक चंद्र कुठला, मला एक चहासुद्धा पुरला!"

"कृपा!" बाबा घाईघाईने म्हणाला. "एखाद्यावर होते अशी. चला, पुढचा."

"थांबा," धाकटी पुढे आली. "कृपा झालीच आहे तर पक्की करून घेऊ." तिने चेल्याच्या कमरेच्या पिशवीला हात घातला. चेला मागे सरला, ट्रकवाल्याच्या छातीवर आपटला आणि तिथेच थांबला. पिशवीतून निघाली चिमटीएवढी एक पितळी नळकांडी, टोकाला काच. धाकटीने ती सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. दुर्बिणीच्या टोकाची काच फिरवून काढली, ही बसवली, नळी जराशी सरकवून तारा मधोमध आणला.

"दादा, बघा आता."

ट्रकवाला वाकला. त्याने एकदा डोळा पुसून पुन्हा लावला. मग मान वर करून केविलवाण्या आवाजात म्हणाला, "परत आजारी पडलो की हो!"

गच्चीवर असा हशा पिकला की जिना कडकडला. लोक पुढे घुसले. ही काच, दोन. ती काच, एक. मघाशी बरी झालेली म्हातारी पुन्हा रोगी, रोगी पोरगी पुन्हा बरी. धाकटीने एकेकाला स्वतःच्या हाताने काच बदलायला लावली.

"आता बाबांनी बघावं," ट्रकवाला म्हणाला. "बाबांची ज्योत कळू दे आम्हाला."

बाबा उठला. मधाळ आवाज कुठल्या कुठे गेला होता. "ही बाई नळी बाटवतेय! ज्योतीचा शाप लागेल एकेकाला!"

"बघा तर आधी," कुणीतरी ओरडलं. "किती दिसतात ते सांगा!"

तो बघणार कशाला? त्याला चांगलं माहीत होतं किती दिसतात ते.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण गर्दी म्हणजे काही शाळेचा वर्ग नव्हे, की उत्तर फळ्यावर लिहिलं आणि सगळ्यांनी उतरवून घेतलं. जिना उतरताना धाकटीने स्वतःच्या कानांनी ऐकलं, "काच बदलली खरी, पण माझ्या भावाचे गुडघे थांबले होते ना!" दुसरी म्हणाली, "शिकलेल्या बायकांना कुणाचं बरं झालेलं बघवत नाही." बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी गाव सोडून गेला. कारखान्याच्या दारात दिवसभर माणसं येत राहिली. त्यातली काही त्याला जोडे मारायला आली होती आणि काही त्याचा नवा पत्ता विचारायला. कोणती जास्त होती हे लिहायला हात धजत नाही.

त्या रात्री गच्चीवरून ताई थेट चालत दुकानात आली, मागून धाकटी. दिवा लावला. उरलेल्या पट्ट्यांचा गठ्ठा मांडीवर घेतला आणि एका पट्टीचा काठ डोळ्यांजवळ नेला, मग हात लांब केला, पुन्हा जवळ नेला.

"दुहेरी शिलाई घातली होती मी," ती म्हणाली. "टिकावी म्हणून. लांबून एकच रेघ दिसते. दिवसभर हेच करते मी, आणि मला कळलं नाही."

धाकटीच्या जिभेवर 'मी सांगत नव्हते का' आलं होतं. तेवढ्यात ताई पुढे बोलली.

"डॉक्टरीणबाईंनी दोन बोटांनी दाबलं, कागदावर लिहिलं, 'पुढचा पेशंट' म्हणाल्या. तू रोज येऊन ओरडलीस. चार वर्षांचा उजेड, ऐंशी वर्षांची फेरी. तुझे भावोजी म्हणाले, राहू दे. त्या हरामखोराने एकट्याने विचारलं, झोप लागते का, बाळा?"

मशीनवरचा दिवा भणभणत होता. धाकटीला राग आला. बाबाचा आला, डॉक्टरीणबाईंचा आला, स्वतःचाही आला. ज्यांच्याकडे खरं असतं त्यांना विचारपूस करायला वेळ नसतो, आणि ज्यांच्याकडे खोटं असतं ते खुर्ची टाकून बसलेले असतात.

तिने कापडाचा ढीग बाजूला सारला आणि ताईजवळ सरकली.

"लागते का झोप?"

"नाही," ताई म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. "चिरतील गं मला."

"चिरतील. मी बाहेर बसलेली असेन."

सकाळी दोघी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, गाठ वाढली आहे, आता लहान ऑपरेशनवर भागणार नाही, पूर्ण स्तन काढावा लागेल. तेवढं सांगून त्या पुढच्या पेशंटला हाक मारणार, तोच धाकटी म्हणाली, "बाई, दोन मिनिटं. तिला भीती वाटतेय. तिच्याशी बोला." त्या बोलल्या. पेन खाली ठेवून, खुर्ची ताईकडे वळवून. ऑपरेशन झालं. पुढचे उपचार चालू आहेत. गाठ पुन्हा येणार नाही असं डॉक्टरीणबाई छातीठोकपणे सांगत नाहीत. खरं बोलणारी माणसं तसं सांगतच नसतात. सगळं छातीठोकपणे सांगणारा गच्चीवर बसतो.

वाचणाऱ्या माणसा, तू देव मान की मानू नकोस, तो तुझा प्रश्न. पण कुणी चमत्कार दाखवला तर एवढं कर. नळीला स्वतः हात लाव. पडदा ओढलेला असतो तेव्हा आत काय चाललंय ते विचार. एका रांगेत बघितलंस ते दुसऱ्या रांगेत जाऊन पुन्हा बघ. जो तुला विचारू देत नाही, हात लावू देत नाही, दुसऱ्यांदा बघू देत नाही, आणि वर तुझं औषध बंद करायला सांगतो, तो तुझा कुणी नाही, मग त्याने तुला कितीही वेळा बाळा म्हणू दे. आणि तुझ्या घरात कुणी घाबरलेलं असेल तर त्याची विचारपूस तू आधी कर. तू केली नाहीस तर ती करायला दुसरा कुणी टपून बसलेलाच आहे.

बंदराच्या दिव्यांवर तो तारा अजून दिसतो. दोन सूर्य, आणि लांब कुठेतरी तिसरा, कुणाच्याही आजाराचा गंध नसलेले. ताईला ऑपरेशनसाठी आत नेलं त्या दिवशी तिथून जो उजेड निघाला तो अजून वाटेत आहे. चार वर्षांनी पोहोचेल. शाळेच्या गच्चीवर दुर्बीण लावून धाकटी तो बघणार आहे, एकदा या काचेतून, एकदा त्या काचेतून. बघायला शेजारी ताई हवी, आणि त्यासाठी तिची प्रत्येक गोळी वेळेवर पोटात जायला हवी. धाकटी सध्या तेवढंच बघते. आणि रोज विचारते, झोप लागली का.